वैलावरचे भांडे : मांस, मंद जाळ आणि माणूसपण

१

आपल्याकडे अन्नाचा इतिहास लिहिला गेला तो वाढून घेणाऱ्यांचा. पेशवाईतल्या पंगतींत कोणती पक्वान्ने होती, भात कोणत्या जातीचा होता, तूप किती शेर लागले, ह्याच्या याद्या दप्तरांत सापडतात आणि संशोधक त्या आवडीने छापतात. गावकुसाबाहेरच्या चुलीवर काय शिजत होते, किती वेळ शिजत होते आणि कोणाच्या हातून शिजत होते, ह्याची नोंद करावी असे त्या दप्तरदारांना कधी वाटले नाही. नोंद झालीच तर ती किळस म्हणून झाली. पुढे ती गुन्हा म्हणून होऊ लागली.

आज हा विषय काढण्याचे निमित्त एका भांड्याचे आहे. शहरातल्या सुखवस्तू घरांत विजेवर चालणारा 'स्लो कुकर' आला आहे. त्यात मांसाचे चिवट तुकडे घालायचे, झाकण लावायचे आणि आठ-आठ तास मंद उष्णतेवर ते शिजू द्यायचे. त्याच्या जोडीला 'लो-कार्ब' आहाराचा प्रचार चालतो. पीठ नको, साखर नको, भात नको. मांस खा, त्याचा दाट रस्सा प्या, असे सांगितले जाते. ह्या दोन्हींच्या मिलाफातून बीफचा जो पदार्थ तयार होतो तो मोठ्या कौतुकाने मासिकांत छापला जातो आणि नवे ज्ञान म्हणून शिकवला जातो.

ह्या ज्ञानाचे मालक कोण, हा माझा प्रश्न आहे. चिवट मांस मऊ करण्याची विद्या लुसलुशीत मांस मिळणाऱ्याला शिकावी लागत नाही. ज्यांच्या वाट्याला नळी, खूर, मान आणि मुंडी आली त्यांनीच ती शिकली. जगात जिथे जिथे मांस तासन्तास शिजवले गेले, तिथे बहुतेक ठिकाणी त्या चुलीपाशी कष्टकरी माणूस बसलेला दिसतो. भांडे एकच असते. ते कोणाच्या घरात आहे ह्यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. हा इतिहास नीट पाहिला, तर आपण काय सोडले आणि काय सोडण्याचे कारण नव्हते हेही स्पष्ट होईल.

२

प्रथम त्या विजेच्या भांड्याची जन्मकथा पाहू. ती आपल्याला फारशी परकी वाटणार नाही.

शिकागोतील एक ज्यू इंजिनीअर अर्विंग नॅक्सन ह्यांनी १९३६ साली ह्या भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली त्यांना ते मिळाले. त्यांचे मूळ आडनाव नाखुमसोन. जर्मन वळणाचे हे आडनाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बदलून त्यांनी नॅक्सन केले. आडनाव बदलावे लागण्यामागची माणसाची मजबुरी ह्या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. भांड्याची कल्पना त्यांना आईच्या आठवणींतून सुचली. तिचे घराणे लिथुएनियातल्या विल्ना शहरातले. ज्यूंच्या धर्मनियमाप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत विस्तव पेटवता येत नाही, स्वयंपाक करता येत नाही. तेव्हा शुक्रवारी सूर्य बुडण्याआधी मांस, घेवड्याचे दाणे आणि जव एका भांड्यात भरून ते भांडे गल्लीतल्या भटारखान्यात नेऊन ठेवत. पाव भाजून झाल्यावर भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाई. त्या निवत्या उष्णतेवर भांडे शिजत राही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर ते घरी येई. ह्या पदार्थाला ते 'चोलंट' म्हणतात.

आपल्या कोकणात बेने इस्रायली लोक तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. विल्नाचे भांडे आणि कोकणातला बंद घाणा एकाच नियमाची दोन रूपे आहेत.

१९७० साली नॅक्सन ह्यांची कंपनी कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने विकत घेतली. पुढच्याच वर्षी हे भांडे 'क्रॉक-पॉट' ह्या नावाने अमेरिकेच्या बाजारात आले. सकाळी भरून कामावर जावे आणि संध्याकाळी परतल्यावर जेवण तयार असावे, म्हणून नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले. पण ज्या विल्नातून ही कल्पना निघाली, तिथल्या ज्यूंचे काय झाले? १९४१ साली जर्मन फौजा शहरात शिरल्या. पुढच्या तीन वर्षांत तिथले बहुतेक ज्यू मारले गेले. हजारोंना शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात गोळ्या घालण्यात आल्या. माणसे संपवली गेली आणि त्यांचे भांडे जगभर विकले गेले.

ह्याच भांड्याची आणखी एक कथा स्पेनमध्ये घडली. तिथे पंधराव्या शतकात ज्यूंना ख्रिस्ती व्हावे लागले. १४७८ साली धर्मसभेचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले आणि १४९२ साली धर्म न सोडणाऱ्या ज्यूंना देशाबाहेर घालवले गेले. बाटलेले लोक घरात गुपचूप जुना धर्म पाळतात काय, हे शोधण्यासाठी न्यायालयाने स्वयंपाकघरात नजर घातली. शुक्रवारी रात्री निखाऱ्यावर मांस आणि हरभऱ्याचे भांडे ठेवले जाते, शनिवारी ते उतरवले जाते, अशा साक्षी घरच्या मोलकरणींकडून घेतल्या गेल्या. 'अदाफिना' नावाचे हे भांडे त्या खटल्यांत पुरावा ठरले.

चुलीवरचे भांडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहू शकते, हे स्पेनचे सत्य आपण लक्षात ठेवावे. ते पुढे लागणार आहे.

३

आता आपल्या मातीकडे येऊ.

महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होते. गावाची वेस राखणे, सरकारी टपाल आणि सामान वाहणे, मर्तिकाचा सांगावा परगावी पोचवणे, तसेच हेही. त्याच्या मोबदल्यात जे बलुते आणि जे हक्क सांगितले जात, त्यांतच त्या जनावराचे मांस मोडत असे. कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे. म्हणजे जनावर जिवंत असेपर्यंत त्याचे दूध, त्याची ओढ आणि त्याचे शेण गावाचे. ते मेले की त्याचे ओझे महारवाड्याचे. ह्या वाटणीला गावगाड्याचे पुस्तकी अभ्यासक परस्परावलंबन म्हणतात!

जो बैल वाट्याला येई तो कसा असे, हे पाहिले पाहिजे. दहा-बारा वर्षे नांगराला, मोटेला, गाडीला जुंपलेला, म्हातारा झालेला, उपासमारीने किंवा आजाराने मेलेला. ज्या स्नायूने जास्त काम केले तो जास्त चिवट, हा शरीराचा नियम आहे. स्नायूंच्या धाग्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे द्रव्य वयाबरोबर अधिक घट्ट होत जाते. मोठ्या जाळावर हे मांस घाईने शिजवले तर ते आक्रसते आणि चामड्यासारखे होते. मात्र सत्तर-ऐंशी अंश उष्णतेत ते पाण्यासह कित्येक तास ठेवले, तर तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन बनते. मांस बोटाने तुटते आणि रस्सा आपोआप दाट होतो. आजचे पाकशास्त्र हे रसायन आकृत्या काढून समजावते. महारवाड्यातल्या बाईला कोलॅजन हा शब्द ठाऊक नव्हता. नळीचे मांस संध्याकाळी चढवले तर सकाळी उतरते, हे तिला ठाऊक होते.

तिच्याकडे विजेचे भांडे नव्हते. पण मातीच्या चुलीला लागून वैल असतो. मुख्य चुलीत जाळ असतो; त्याची उरलेली धग आतल्या वाटेने वैलावर येते. भाकरी चुलीवर, कालवण वैलावर. निजण्यापूर्वी चुलीत गोवरी सारून तिच्यावर राख ओढली की धग रात्रभर टिकते. ही योजना ज्या बाईने पहिल्यांदा केली तिला पेटंट मिळाले नाही. लाकूड विकत घेण्याची ऐपत नव्हती. रानात पऱ्हाट्या-तुराट्या वेचायच्या, रस्त्यावरचे शेण गोळा करून थापायचे, आणि एवढ्याशा जळणात चिवटातले चिवट मांस शिजवायचे. विल्नातल्या बाईने निवत्या भट्टीचा उपयोग केला, हिने निवत्या चुलीचा. एकीला धर्माचा नियम आड येत होता, दुसरीला दारिद्र्य. आणि हा फरकही विसरता येत नाही की विल्नाचा नियम त्या माणसांनी स्वतः मानलेला होता. आमच्यावरचा नियम दुसऱ्यांनी लादलेला होता.

एक विसंगती इथे नोंदवली पाहिजे. ज्या जनावराच्या शेणाने सवर्णाचे अंगण पवित्र होई, त्याच शेणाच्या गोवरीवर त्याच जनावराचे मांस शिजवणारी बाई अपवित्र ठरे. विटाळ पदार्थात असता तर तो शेणालाही लागला असता.

एकदम आलेले एवढे मांस एका दिवसात संपत नसे. उरलेल्याच्या लांब चिरफळ्या करून त्या दोरीवर, छपरावर उन्हात वाळवत. त्या चान्या. त्या गाडग्यात भरून पावसाळ्याच्या बेगमीला ठेवत. भूक लागली की निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर पाण्यात भिजवून वैलावर मंद शिजवायच्या. चरबी वितळवून तिचे तेल करायचे. रक्ताची रक्ती, आतड्यांची वजडी, खुरांचा रस्सा. वाया जाण्याची चैन त्या घरांना परवडत नव्हती. रस्सा पुरवायचा म्हणून त्याला आळण लावायचे. मराठवाड्यात येसर घालतात. म्हणजे भाजलेले धान्य आणि मसाला दळून केलेले पीठ. आठ माणसांच्या घरात चार तुकडे असले तरी येसराच्या रश्श्यात भाकरी कुस्करून सगळ्यांची पोटे भरत. गोऱ्या साहेबाच्या ग्रेव्हीत मैदा असतो, आपल्या रश्श्यात येसर असतो. हेतू एकच.

ही सगळी विद्या स्त्रियांची होती. तिला ना पाठशाळा, ना पुस्तक. रुचिरा लिहिणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात तिला प्रवेश नव्हता. आणि ह्या मांसाला त्याच्या नावाने हाक मारण्याचीही सोय नव्हती. 'मोठ्याचे', 'बडे', 'वशाट' अशी आडून नावे घ्यावी लागत. जे अन्न मोठ्याने उच्चारता येत नाही, त्याचा इतिहास कोण लिहिणार?

४

'लो-कार्ब' ह्या शब्दालाही असाच एक दुसरा अर्थ आहे.

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. त्याच्या घराण्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. राजघराण्याची मर्तिकेसुद्धा ते पाहत. तो फार लठ्ठ झाला. डॉक्टरच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडली, मांस-मासे ठेवले आणि वजन उतरवले. १८६३ साली त्याने त्यावर एक पुस्तिका काढली. ती इतकी गाजली की पथ्य करण्याला इंग्रजीत त्याचेच आडनाव जोडले गेले. १९७२ साली अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स ह्यांच्या पुस्तकाने हीच वाट पुन्हा लोकप्रिय केली. मर्तिकाची कामे करणारा लंडनचा माणूस प्रतिष्ठित नागरिक ठरतो आणि मर्तिकाचा सांगावा नेणारा आमचा माणूस अस्पृश्य, हे जाता जाता नमूद करतो.

बँटिंगची पुस्तिका निघाल्यानंतर चौदा-पंधरा वर्षांच्या आत, १८७६ ते १८७८ ह्या काळात, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. दुष्काळात आधी चारा संपतो, म्हणून जनावरे आधी मरतात. धान्य सावकाराच्या पेवात आणि व्यापाऱ्याच्या वखारीत असते आणि त्याचा भाव गरिबाच्या हाताबाहेर जातो. अशा वेळी महारवाड्यात भाकरी नसे, येसराला पीठ नसे. ओढून आणलेल्या ढोराचे मांस मात्र असे. आळण न लावलेला, भाकरीविना प्यालेला तो रस्सा आजच्या व्याख्येप्रमाणे शुद्ध 'लो-कार्ब' होता! पोट भरलेल्याने धान्य नाकारले तर ते पथ्य ठरते. धान्यानेच माणसाला नाकारले तर त्याला उपासमार म्हणतात. दोन्ही ताटांत पदार्थ सारखा दिसतो. त्यामधला फरक निवडीचा आहे. माझ्या मते दलितांच्या अन्नाच्या इतिहासातला कळीचा शब्द हाच आहे : निवड.

५

ही निवड आपल्याला कोणी दिली?

आपल्या चळवळीच्या पहिल्या पिढीलाही हा प्रश्न छळत होता. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी, आपण मूळचे क्षत्रिय होतो आणि महादुर्गाच्या दुष्काळात जगण्यासाठी निषिद्ध अन्न खावे लागल्यामुळे खाली ढकलले गेलो, असे मांडले. ह्या मांडणीत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. पण ज्या अन्नामुळे आपल्याला हीन ठरवले ते अन्न आपण हौसेने पत्करलेले नव्हते, हे सांगण्याची त्यांची धडपड खरी होती.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके तुकडे मागणे सोडा, असे आवाहन केले, हे मात्र आपण ओझरते सांगतो. माझ्या मते तळ्याचे पाणी आणि ढोराचे मांस ही एकाच सत्याग्रहाची दोन अंगे होती. जे नाकारले गेले ते घ्यायचे, आणि जे लादले गेले ते नाकारायचे. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मांस सोडणे आणि वतन सोडणे ह्यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला होता. महारकी वतनांचा शेवट कायद्याने व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

गावोगाव ह्या आवाहनावर काय घडले हे आपल्या आधीच्या पिढीने भोगले आहे. ढोरे ओढायचे बंद केले म्हणून बलुते बंद झाले, वाटा अडवल्या गेल्या, बहिष्कार पडले. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या काळातला एक युक्तिवाद आठवून सांगितला होता. ढोरे ओढायचे सोडल्याने कातडी, शिंगे, हाडे ह्यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे उत्पन्न अस्पृश्य गमावतात, असा हिशेब 'केसरी'तून मांडला जात असे. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. मान गमावून मिळणाऱ्या पैशाचा हिशेब त्यांनी एका वाक्यात मोडीत काढला.

पण त्यांनी नेमके काय सोडायला सांगितले, हे बारकाईने पाहिले पाहिजे. त्यांनी मृत मांस सोडायला सांगितले. शाकाहाराची दीक्षा त्यांनी दिली नाही. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची आहे. मांसाहार न करण्याची वेगळी प्रतिज्ञा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा बाळगणे ह्यांत भेद केला आहे. आणि १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' ह्या ग्रंथात त्यांनी प्रश्नाची दिशाच फिरवली. वैदिक काळात गाय मारली जात होती, पाहुण्याला 'गोघ्न' म्हणत होते, ब्राह्मण स्वतः गोमांस खात होते, ह्याचे पुरावे त्यांनी धर्मग्रंथांतूनच काढले. बौद्ध धम्माशी झालेल्या संघर्षात ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पवित्र केली, आणि मृत गाईचे मांस खाऊन जगणारे वाताहत झालेले लोक अस्पृश्य ठरवले गेले, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यावर विद्वानांनी वाद घालावा. त्यातून निघणारा अर्थ मात्र स्पष्ट आहे : अन्न अपवित्र जन्मत नाही, सत्ता त्याला अपवित्र ठरवते.

इथे आपल्यालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. लादलेल्या मांसाबरोबर आपण वैलावरची विद्याही शरमेच्या गाठोड्यात बांधून टाकली नाही काय? शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या घरांत चान्यांचा शब्द मुलांच्या कानावर पडत नाही. सहकारी जेवायला येणार असले की मटार-पनीर होते. भाड्याने घर शोधताना 'आम्ही घरी काही करत नाही' असे सांगावे लागते. ह्यात नाकारण्याचा स्वाभिमान किती आणि सवर्णांच्या जिभेची भीती किती, हे ज्याने त्याने तपासावे. मृत मांस नाकारणे हा विद्रोह होता. आजीच्या हातची विद्या लपवणे ही केवळ नक्कल आहे. कोणी म्हणेल, ह्या गोष्टी काढून तुम्ही जुनी जखम उघडी करता. ह्या आक्षेपामागची वेदना मी जाणतो. पण जखम झाकणारा हात आपला नसून शेजाऱ्याच्या नजरेचा असेल, तर ती बरी होत नाही.

६

दरम्यान राज्यसंस्था आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचली आहे.

१९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने महंमद हनीफ कुरेशी खटल्यात गाईच्या हत्येवरील संपूर्ण बंदी वैध ठरवली. पण निकामी झालेले बैल आणि म्हशी ह्यांच्यावरची सरसकट बंदी मानली नाही. मोठ्याचे मांस हे गरिबांचे अन्न आहे, ह्याची दखल त्या निकालात होती. महाराष्ट्राचा १९७६ चा प्राणिरक्षण कायदाही गाईपुरताच संपूर्ण बंदीचा होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातची बैलांवरील संपूर्ण बंदी उचलून धरली आणि वारे फिरले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. बैल आणि वळू मारणे गुन्हा झाले. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले गेले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैलांवरील बंदी कायम ठेवली. पण परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगल्याबद्दलचे कलम, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे हे कलम, अशी दोन्ही रद्द केली. माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, हे त्या निकालाने मान्य केले. तेवढ्यापुरते भांडे आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आले.

न्यायालयात आले, रस्त्यावर नाही. २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात, घरात गोमांस आहे अशा अफवेवरून जमावाने महंमद अखलाक ह्यांना ठार मारले. त्यानंतर मांस प्रयोगशाळेत तपासणीला पाठवले गेले! स्पेनमधल्या त्या शुक्रवारच्या भांड्याला साक्षीदार तरी लागत होते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात, मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. त्यावर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कचेरीसमोर आणून टाकली आणि ढोरे ओढण्यास नकार दिला. महाडचे आवाहन एकोणनव्वद वर्षांनी गुजरातमध्ये पुन्हा उच्चारले गेले.

७

आता प्रत्यक्ष भांड्याकडे. हा पदार्थ आज महाराष्ट्रात घरी करायचा तर तो म्हशी-रेड्याच्या मांसाचा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यांच्यावर सरसकट बंदी घातलेली नाही. ते मांस खाटकाकडून, ताजे आणि रोख पैसे मोजून आणलेले. मोबदला देऊन घेणे हाच महाडच्या आवाहनाचा अर्थ आहे.

किलोभर मांस पायाच्या नळीचे किंवा मानेचे घ्यावे, हाडासकट. तुकडे मोठे ठेवावेत. मीठ-हळद लावून आधी कढईत थोड्या तेलावर ते चांगले लालसर परतावे. रश्श्याला रंग आणि चव इथेच येते. कांदे दोन, लसणाचा एक गड्डा, आले, धने, जिरे, लवंग, दगडफूल, तिखट. पाणी फक्त कपभर, कारण मंद भांड्यातून वाफ बाहेर जात नाही आणि मांसाचे स्वतःचे पाणी सुटते. झाकण लावून आठ ते नऊ तास ठेवावे. मध्ये उघडून पाहू नये. प्रत्येक वेळी धग निघून जाते. विजेचे भांडे नसेल तर जड बुडाच्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर तीन-चार तास. वैल असेल तर प्रश्नच नाही. मांस बोटाने तुटू लागले की काढून ठेवावे. वर आलेली चरबी चमच्याने उतरवावी आणि रस्सा उघड्या भांड्यात उकळून निम्म्यावर आणावा. पीठ वर्ज्य असेल त्याने येसराऐवजी भाजलेले सुके खोबरे आणि तीळ दोन-तीन चमचे वाटून लावावेत. बाकीचे दाटपण नळीतल्या जिलेटिनचे असते. भाकरी चालत असेल त्याने येसरच लावावा, हे माझे मत.

आपल्या नोकरदार पिढीतल्या कितीतरी माणसांना आज मधुमेहाचा डॉक्टर पीठ कमी करायला सांगतो. त्या चिठ्ठीत सहज बसेल असा एक पदार्थ त्यांच्या घरात आधीपासून होता, आणि नेमका तोच पाहुण्यांपुढे येत नाही. हे आपल्या सांस्कृतिक गुलामगिरीचे साधे उदाहरण आहे.

ह्या शांततेला तडे जाऊ लागले आहेत. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली आणि बेबीताई कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं'ने १९८६ साली महारवाड्यातली भूक आणि चूल मराठी साहित्यात आणली. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींवर एक इंग्रजी संकलन काढले. २०१५ साली शाहू पाटोळे ह्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाची पाककृतींसह नोंद झाली. पण एवढ्याने भागणार नाही. विदर्भात, खानदेशात, कोकणात ही विद्या अजून म्हाताऱ्या बायांच्या हातांत आहे आणि ते हात झपाट्याने कमी होत आहेत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी जावे, वही घेऊन चुलीपाशी बसावे आणि विचारावे : कोणता तुकडा किती वेळ ठेवत होतीस? चान्या किती दिवस वाळवत होतीस? जळण कोणते? ढोर ओढायचे गावात कधी बंद झाले, कोणी बंद केले, आणि त्याची किंमत कोणी मोजली? ह्या शेवटच्या प्रश्नावाचून पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नुसती पाककृती होतील. ह्या तीन प्रश्नांवाचून शेवटचे उत्तर नुसती घोषणा होईल.

लादलेले अन्न नाकारण्याचा हक्क आपण १९२७ साली मिळवला. निवडलेले अन्न उजळ माथ्याने शिजवण्याचा हक्क हा त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे, आणि तो अजून मिळवायचा आहे.